विलायती हात

नातवाला जर्मनीत इंटर्नशिप मिळाली त्या दिवशी घरात पेढे आले. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीपण गेले होते ना तुमच्या वेळी विलायतेला? सांगा ना त्याला काहीतरी." मी म्हटलं, "गेलो होतो. चामड्याच्या कारखान्यात. मेलेल्या ढोरांचे केस खरवडायला." तिच्या हातातला पेढा तोंडाशीच थांबला. तिला बोटीचं, बर्फाचं ऐकायचं असणार. बिचारीची चूक नाही. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, ही म्हण कुणीतरी माझ्याकडं पाहूनच काढली असावी, असं माझी बायको होती तेव्हा म्हणायची. तर नातवाला जे तोंडी सांगता आलं नाही ते इथं लिहून ठेवतो. वाचलं तर वाचलं त्यानं.

आमचं गाव आर्णीहून पायी जाण्याच्या अंतरावर, अरुणावतीच्या काठी. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, जिथं पुराचं पाणी आधी पोचतं आणि रस्ता सगळ्यात शेवटी. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कवेलू. पहाटे मायच्या जात्याची घरघर चालायची आणि वारा आर्णीकडून असला की कापसाच्या जिनाचा भोंगा ऐकू यायचा. संध्याकाळी ज्वारीच्या कण्या घालून आंबाडीची भाजी चुलीवर रटरटत असायची. ती आंबट वाफ नाकात शिरली की आम्हा पोरांच्या जिवाला धीर राहायचा नाही. माय वरून लाल मिरचीची फोडणी द्यायची, चर्र आवाज व्हायचा, सारं घर ठसकायचं आणि बा बाहेरून ओरडायचा, "वाढ वो लवकर, पोटात कावळे वरडून राह्यले!" आता सूनबाई आंबाडी आणते कधीमधी, पण मिक्सरमधून काढते. मी काही बोलत नाही. बोललो की पुन्हा कारलं.

पण त्याआधीचं घर वेगळं होतं. मी लहान होतो तेव्हा कुडाला दोराचं वेटोळं टांगलेलं असे आणि आढ्यात सुरा खोचलेला. गावात कोणाचं जनावर मेलं की कुणीतरी खालच्या अंगाला यायचा, लांबूनच हाळी द्यायचा, "कोंडू, ढोर पडलं रे!" कोंडू म्हणजे माझा बा. त्यानं हातातला घास टाकून उठायचं, चारजणांना घेऊन ढोर ओढत नदीकाठी न्यायचं, सोलायचं. अर्धं शिवार ज्यांचं होतं ते अण्णाजी मालक. कातडं त्यांच्या मर्जीनं जायचं, मांस आमच्या आळीत वाटलं जायचं. उरलेलं माय वाळवून मडक्यात भरून ठेवायची. त्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे, खोटं कशाला बोलू.

नागपूरला दीक्षा झाली तेव्हा बा गेलता. पांढरे कपडे घालून परत आला, दोर आणि सुरा काढला आणि अरुणावतीच्या डोहात फेकून दिला. मायनं ते मडकं उकिरड्यावर नेऊन फोडलं. मग बा मालकांच्या ओसरीसमोर जाऊन उभा राहिला आणि चार लोकांच्या देखत म्हणाला, "मालक, आजपासून मेलेलं ढोर आमी ओढनार नाही, खानार नाही. अन् माह्या पोराचा हात त्याले कधी लागनार नाही." एवढंच. त्यावर गावानं जे करायचं ते केलं. विहीर बंद, वावरातली मजुरी बंद, दुकानदार मीठ देईना. माय नदीच्या वाळूत झिरा उकरायची आणि पाणी झिरपेपर्यंत बसून राहायची, मग वाटीवाटीनं घागर भरायची. बा आर्णीच्या जिनात लागला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांत, मिशीत, कानांत कापूस असायचा आणि खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. हळूहळू गाव निवळलं, विहीर उघडली, मीठही मिळू लागलं. पण बाचा तो शब्द ना गाव विसरलं ना बा. दुसरं काही नव्हतंच त्याच्याजवळ.

मी नागपूरला रसायनाच्या तंत्रशाखेत शिकत होतो. शेवटच्या वर्षाआधी काही मुलांना परदेशी कारखान्यांत शिकायला पाठवायची सरकारी योजना आली. त्या वेळी त्याला 'प्रॅक्टिकल ट्रेनिंग' म्हणत. मला कागद हवा होता. बांबूचा लगदा कसा करतात, तो पांढरा कशानं होतो, हे सारं मी पुस्तकातून घोकून ठेवलं होतं. नावं लागली तेव्हा कुणाला साबण, कुणाला रंग, कागद एका वकिलाच्या मुलाला, आणि मला चामडं. मी सरांकडं गेलो. सर म्हणाले, "अरे, बाकीची पोरं वासानंच पळून येतील. तुझं तर घरचंच आहे." मी म्हणालो, सर, मी आयुष्यात कातड्याला हात लावलेला नाही. ते हसले. म्हणाले, "रक्तात असतं रे ते." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनीच मला आपला जुना गरम कोट दिला, बोटीची व्यवस्था कशी असते ते समजावलं. अगदी मायेचा माणूस होता हो. मला आयुष्यात दुष्टांनी फारसं छळलं नाही, त्यांच्याशी भांडता तरी येतं. छळलं ते असल्या भल्या माणसांनीच.

घरी सांगायला गेलो. बा नुकताच जिनातून आला होता, अंगणात हातपाय धूत होता. माय चुलीपुढं होती. विलायतेचं नाव काढताच तिनं तिथूनच माझ्यावरून बोटं ओवाळून कडाकड मोडली. बाचा चेहराही असा फुलला की मी तसा तो कधी पाहिला नव्हता.

"कायची विद्या हाय?" त्यानं विचारलं.

"चामड्याची. कातडं कमावाची."

बाच्या हातातला गडवा तसाच राहिला. पाणी सांडत होतं.

"दुसरं काही नाही?"

"नाही. हेच, नाही त काहीच नाही."

"मंग आयक. तुले लांब नाही धाडून राह्यले ते. जिथून म्या तुले काढलं, तिथंच वापस नेऊन राह्यले. फक्त बोटीनं."

"बा, तिकडं मशिनी हायेत. शास्त्र हाय ते."

"ढोर मेलेलंच हाय न?"

मलाही राग आला. म्हटलं, तुझ्या शब्दापायी मी इथंच कुजू काय? जातो मी. बा म्हणाला, "जा. पन मंग माह्याशी बोलू नको." माय मध्ये पडली, "कायले असं तोडून बोलता, लेकरू दूर चाललं त!" पण बा उठून गेला. निघायच्या दिवशी मायनं जवसाच्या चटणीचा डबा दिला, "नीट राहजो, जेवजो पोटभर" म्हणाली, फाट्यापर्यंत पोचवायला आली. बा जिनात होता. मी गेलो, आणि आज विचाराल तर पुन्हा जाईन. भिंतीला एकच दार असलं तर माणूस त्याच दारानं बाहेर पडणार ना?

इंग्लंडच्या उत्तरेकडं नदीकाठचं एक काळवंडलेलं गाव, तिथं तो कारखाना. आत शिरलो आणि पहिल्याच दिवशी चुन्याच्या हौदापाशी भडभडून ओकलो. सरांचं 'रक्तातलं' काही कामाला आलं नाही. चुन्यात भिजून कातडी फुगतात, केस सुटतात, मग ती लाकडी ठोकळ्यावर टाकून दोन मुठींच्या पात्यानं खरवडायची. हातमोजे घातले तरी चुना बोटांना खायचा. राहायला खोली मिळायची मारामार. दार उघडून बाई माझ्याकडं पाहायची आणि दार लावून घ्यायची. एका दारावर तर पाटीच होती, काळ्यांनी विचारू नये. म्हणजे तिथंही सोवळं होतंच, आपल्याइतकं जुनं नसेल. शेवटी आमच्या मुकादमानं, हॅरीनं, शेजारच्या म्हातारीला गळ घालून मला जागा मिळवून दिली.

हा हॅरी उंच, लाल नाकाचा, सतत शिव्या देणारा. त्याचा बाप, आजा सगळे याच कारखान्यात. आमच्या देशातून मद्रासमार्गे अर्धवट कमावलेली कातडी यायची, ती पाहिली की त्याचं टाळकं सरकायचं. एकदा त्यानं मला हाक मारली, कातडं उजेडासमोर धरलं. सगळीकडं बारीक भोकं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, हे काय आहे? मी ओळखलं, पण इंग्रजीत काय सांगू? नांगराचा बैल चालेना की काठीच्या टोकाची अणकुचीदार आर टोचतात, त्याची भोकं. पुठ्ठ्यावर, जनावराच्या मागच्या अंगाला, तापलेल्या सळईचे डाग होते, तेही मी ओळखले. आणि सोलताना सुरा भलतीकडं गेल्याच्या चिरा. हॅरी म्हणाला, "तुमच्याकडं सोलतो कोण? त्याला कुणी शिकवत नाही?" मी म्हणालो, माझा बाप सोलायचा, आता त्यानं सोडलं. "का सोडलं?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी जेवढं येईल तेवढं सांगितलं, विहिरीचं, मिठाचं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पण कातडं तर कुणीतरी काढलंच पाहिजे." त्या रविवारी त्यानं मला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोनं उकडलेले बटाटे आणि भाजलेलं मांस वाढलं, "आणखी घे, वाळून गेलास" म्हणत पुन्हा वाढलं. बेचव जेवण होतं, मिरचीचं नाव नाही. पण मला घास गिळेना तो त्यामुळं नव्हे. हॅरी आणि मी आदल्या दिवशी एकाच हौदात हात घातलेले, आणि त्याच्या शेजारी त्याचा जावई बसून जेवत होता. जावई शाळामास्तर. चर्चमध्ये हॅरीची जागा पहिल्या रांगेत. आमच्या गावात मास्तर आमची पाटी लांबूनच बघायचा.

परत आलो तेव्हा माय गळ्यात पडून रडली. बानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली. बोलणं नाही. पाणी हवं असलं तर मायला म्हणायचा, "सांग त्याले, गडवा दे." मी मायला बर्फाचं सांगायचो, जमिनीखालून जाणाऱ्या आगगाडीचं सांगायचो, मोठ्यानं, म्हणजे ओट्यावर बसलेल्या बाच्या कानी पडावं. कारखान्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. तो पाठ करून बसायचा, पण आगगाडीचं चाललं होतं तेव्हा त्याचा खोकला थांबलेला असायचा, हे मला कळत होतं.

आणि मग गावानं माझा सत्कार ठरवला. गावातून विलायतेला गेलेला पहिलाच मी. यवतमाळहून कुणी साहेब येणार होते, त्यामुळं अण्णाजी मालकांनी स्वतः पुढाकार घेतला. शाळेच्या ओट्यावर त्यांच्या घरच्या खुर्च्या मांडल्या, पोरांनी पताका लावल्या. बा येईना. माय म्हणाली, "पोरासाठी नका येऊ. आपल्या लोकायचा मान हाय, त्यासाठी चला." तेव्हा पांढरं धोतर नेसून आला. त्याला ओट्यावर शेवटची का होईना, खुर्ची मिळाली. मालकांच्या बरोबरीनं, त्यांच्याच खुर्चीवर माझा बा बसला होता. खाली आमच्या आळीतल्या बाया त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

हार झाले, पोरांचं गाणं झालं. मालक बोलायला उभे राहिले. "या पोट्ट्यानं आपल्या गावाचं नाव इलायतेले नेलं," ते म्हणाले. "आता योग पाहा. माहा धवळ्या आज सकाळी बसला तो उठलाच नाही. लेकरासारका वाढोला म्या त्याले." इथं त्यांनी खरोखर उपरण्यानं डोळे पुसले. "म्या म्हटलं, जाऊ द्या. निदान त्याले इलायती हात लागन. असं भाग्य कोन्या बैलाचं हाय? सायबायलेबी पाहाले भेटन, सरकारनं पोराले काय शिकोलं ते. कार्यक्रम झाला का सारे तिकडंच जाऊ." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मनापासून वाजवल्या. कुणाच्या मनात खोट नव्हती. पोरगा सरकारी खर्चानं ढोराचं काम शिकून आला, म्हणजे बापाचा तो जुना हट्ट आपोआपच मिटला, असं साऱ्या गावानं सरळ धरलं होतं. त्यांच्या लेखी हा माझा मोठा बहुमान होता.

मी बाकडं पाहिलं. तो समोर बघत होता, गळ्यातला हार मुठीत घट्ट धरून. मी उठलो.

"मालक, मी हे काम करनार नाही."

"काहून?"

"माह्या बाचा शब्द हाय."

"आरे, तो तुह्या बाचा. तुले त शिकवून आनलं न? गोऱ्याचं केलं ते चालते, अन् आमचं केलं त बाटते का?"

लोक हसले. साहेबही हसले. माझं डोकं असं भणाणलं की पुढं काय बोललो ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. "गोऱ्याचं काम करून मी त्याच्या घरात, त्याच्या पंगतीत जेवलो, मालक. धवळ्याले सोलून मी आज तुमच्या घरात जेवू काय?"

हसणं बंद झालं. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला. मालक म्हणाले, "तोंड भलतंच वाढलं रे तुहं." बा खुर्चीवरून उठला, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ओटा उतरून चालू लागला. त्याच्यामागं माय, मायच्या मागं आमची सारी आळी. सत्कार तिथंच संपला. पुढं मी जन्मभर पुसदच्या एका शाळेत रसायन शिकवलं, चामड्याच्या नोकरीचं नाव काढलं नाही. विद्या वाया घालवली म्हणून मला लोक आजही हसतात. हसोत बापडे.

धवळ्या नदीकाठच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, तसाच पडून राहिला. आम्ही वाकू म्हणून गाव वाट पाहत होतं, आणि बैल फुगत होता. आधी कुत्री आली, मग गिधाडं, मग वास. वास काही गावठाण आणि खालचं अंग बघून येत नाही. मालकांच्या माडीवरही तोच आणि आमच्या चुलीपाशीही तोच. विहिरीवर मायला पुन्हा कुणी पाणी भरू देईना. ती घागर घेऊन नदीवर जायची आणि नाकाला पदर लावून झिरा उकरायची. आळीतले दोघे-तिघे दबक्या आवाजात म्हणाले, "कोंडूदादा, टाकू का ओढून एकदाचं? पोटापान्याचा सवाल हाय." बा म्हणाला, "तुमी टाका. म्या आडवा नाही येत. पन म्या नाही येनार." कुणी गेलं नाही. शेवटी मालकांचाच थोरला मुलगा आणि त्यांचा सालदार नाकातोंडाला फडकी बांधून आले. त्यांनी धवळ्याला साखळीनं बैलजोडीच्या मागं बांधलं आणि वाट वाकडी करून मुद्दाम आमच्या दारावरून ओढत नेलं. पोरानं आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू त्याचा बैल आम्हीच मारला.

आम्ही तेव्हा जेवायला बसलो होतो. भाकर, ठेचा, आंबाडी. माय दार लावायला उठली, बा म्हणाला, राहू दे. धूळ खाली बसली, वास मात्र घरात भरून राहिला. मी ताटावरून उठायच्या बेतात होतो.

"त्या दिवशी बोलला ते खरं हाय?" बा म्हणाला.

तो मायशी बोलतोय असंच मला वाटलं. माय माझ्याकडं बघत होती.

"तुलेच इचारून राह्यलो. गोऱ्याच्या घरात जेवला तू?"

"हाव, बा."

"हेच काम करून?"

"हाव. हात धुऊन."

"वाढलं कोनं?"

"त्याच्या बायकोनं. वरून घे घे म्हने."

"तो गोराबी हेच काम करते?"

"तोबी. त्याचा बाप, आजाबी."

"त्याले पोरगी हाय?"

"हाय."

"कोनं केली?"

"शाळेच्या मास्तरानं. सासऱ्याच्या बाजूलेच जेवाले बसते तो."

बानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, पण तोंडात घातला नाही. माझ्याकडं सरळ बघितलं, विलायतेला निघालो तेव्हापासून पहिल्यांदाच.

"मंग तू वापस काहून आला?"

रागानं नाही विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.